नकाशाच्या काठावर

भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी किती, हे स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला मध्यरात्री उठवून विचारा. 'सात हजार पाचशे सोळा पूर्णांक सहा दशांश किलोमीटर' हे उत्तर तो डोळे न उघडता देईल. गेली कितीतरी वर्षे हा आकडा पाठ होत आला. आणि मग केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तो एकाएकी बदलला. आता आपला किनारा ११,०९८.८१ किलोमीटर झाला आहे. साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक किनारा वाढला, आणि तो वाढताना ना समुद्र पुढे आला, ना जमीन मागे हटली.

हे झाले कसे? जुने माप १९७० च्या दशकात, एकास पंचेचाळीस लाख अशा बारीक प्रमाणाच्या नकाशावरून घेतलेले होते. एवढ्या लहान नकाशावर खाडी दिसत नाही, मुखाजवळचे वळण दिसत नाही. रेघ सरळ पुढे जाते. नवे माप एकास अडीच लाख प्रमाणाच्या नकाशांवरून घेतले. त्यामुळे रेघ प्रत्येक खाडीत शिरली आणि बाहेर आली. कच्छ आणि खंभातच्या दंतुर किनाऱ्यामुळे गुजरातची लांबी जवळजवळ दुप्पट झाली. केरळचा सरळसोट किनारा त्या मानाने थोडकाच वाढला. बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांनी काय केले? जुना आकडा काढला, नवा घातला आणि मुखपृष्ठावर 'सुधारित आवृत्ती' असा शिक्का मारला. आकडा का बदलला, हे दोन ओळींत सांगावे असे फारच थोड्यांना वाटले. वास्तविक भूगोल त्या दोन ओळींतच होता.

जनगणनेच्या आकड्यांचेही तेच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती? एक पुस्तक ९४० म्हणते, दुसरे ९४३. साक्षरता एकात ७४.०४ टक्के, दुसऱ्यात ७२.९९. विद्यार्थी भांबावतो आणि ज्या पुस्तकाचा कागद चांगला त्याचा आकडा खरा धरतो. खरे म्हणजे पहिला आकडा आधी जाहीर झालेल्या तात्पुरत्या गोषवाऱ्यातला आणि दुसरा नंतर आलेल्या अंतिम अहवालातला. ही जनगणना आता जुनी झाली. पुढची २०२१ मध्ये व्हायची होती, ती झाली नाही. ती २०२७ साठी जाहीर झाली. म्हणजे आज जो विद्यार्थी हे आकडे घोकतो आहे, त्याची नेमणूक होऊन पहिली बदली होईपर्यंत ते सगळे रद्दीत निघालेले असतील.

आपल्या महाविद्यालयातली मुले-मुली आता मोठ्या संख्येने या परीक्षांकडे वळली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. कोणी केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करतो, कोणी कर्नाटक आयोगाची, कोणी रेल्वे, बँक किंवा कर्मचारी निवड मंडळाची. धारवाडला, पुण्याला, बंगळूरला शिकवणीसाठी जाणारे आहेत. घरच्यांनी कर्ज काढून दिल्लीला पाठवलेलेही आहेत. या सर्वांच्या अभ्यासक्रमात भूगोल असतोच, आणि तो 'गुण देणारा सोपा विषय' म्हणून ओळखला जातो. सोपा कशासाठी, तर तो पाठ करता येतो म्हणून! सर्वांत उंच शिखर, सर्वांत लांब नदी, सर्वांत जास्त पाऊस, सर्वांत दाट वस्ती. पुस्तक उघडले की सगळा देश 'सर्वांत' या एका शब्दावर टांगलेला. जे मध्यम आहे, जे बहुतेक ठिकाणी आहे, ज्यात बहुतेक माणसे जगतात, त्याला या भूगोलात जागा नाही.

माझे म्हणणे एवढेच, की हा अभ्यास परीक्षेच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे. आणि आपण ज्या जागी बसून तो करतो, ती जागा पाहता तर तो निव्वळ करंटेपणा आहे.

परीक्षेपुरते आधी बोलू. अलीकडच्या पूर्वपरीक्षेत 'खालीलपैकी किती जोड्या बरोबर' अशा धर्तीचे प्रश्न येऊ लागले आहेत. पूर्वी एक जोडी नक्की ठाऊक असली की पर्याय गाळत उत्तरापर्यंत पोचता येई. ती पळवाट आता बंद झाली. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पत्रिकेत साधनसंपत्तीचे वितरण आणि उद्योगांचे स्थान ठरवणारे घटक हे विषयच नेमलेले आहेत. तेथे 'कोठे' लिहून भागत नाही, 'तेथेच का' हे लिहावे लागते. ती परीक्षा मराठीतून वा कन्नडमधून लिहिता येते हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते, पण तसे लिहायचे तर विचारही त्या भाषेत झालेला असावा लागतो. पाठ केलेला इंग्रजी तक्ता मराठीत उतरवून काढला की उत्तर होत नाही, भाषांतर होते.

आता जागेबद्दल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या पाठीशी वसलेले आहे. पश्चिमेचा समुद्र येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत. तरीही शहरात पडलेला पाऊस त्या जवळच्या समुद्राला जात नाही. तो मार्कंडेय नदीतून घटप्रभेला, घटप्रभेतून कृष्णेला आणि सारे दक्षिण पठार ओलांडून पार बंगालच्या उपसागराला जातो. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे आणि सह्याद्री ही त्याची उचललेली कड आहे, हे वाक्य आपण सातवी-आठवीत वाचलेले असते. पण ते आपल्या अंगणातल्या पन्हाळीच्या पाण्याविषयी आहे, हे क्वचितच कोणी सांगितलेले असते.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला ज्यांनी एकदा पावसाळ्यात फेरी मारली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. तेथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे तीनशेहून अधिक किलोमीटर जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. त्याच गावाच्या शिवारातून कळसा नाला निघतो आणि पश्चिमेकडे म्हादईला जाऊन मिळतो. म्हादईचा मुख्य उगमही याच तालुक्यात, भीमगडच्या रानात देगावजवळ. हीच नदी गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. एका गावाच्या हद्दीत पडलेल्या दोन थेंबांपैकी एक घाट उतरून हाकेच्या अंतरावरच्या समुद्रात, तर दुसरा हजार किलोमीटरांहून अधिक वाट चालून आंध्रच्या किनाऱ्याला. जलविभाजक या शब्दाची यापेक्षा चांगली व्याख्या कोणत्या पुस्तकात असेल?

गंमत पुढेच आहे. घाटाचा पश्चिम उतार उभा, तेथे पाऊसही जास्त; त्यामुळे पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या उगमाच्या बाजूने डोंगर कुरतडत मागे मागे सरकतात आणि कालांतराने पूर्वेकडच्या नद्यांचे पाणी पळवतात. याला भूगोलात नदीहरण म्हणतात. निसर्गाचा कल असा पूर्वेचे पाणी पश्चिमेला नेण्याकडे; आणि कळसा-बंडुरी योजनेत माणसाचा प्रयत्न याच्या बरोबर उलट, पश्चिमेचे पाणी पूर्वेकडे मलप्रभेत वळवण्याचा. त्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात वाद पेटला, २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट. निवाड्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ही सारी आकडेवारी 'चालू घडामोडी' या वहीत एका बाजूला लिहिलेली असते. नदीहरण 'प्राकृतिक भूगोल' या दुसऱ्या वहीत. आणि मलप्रभेच्या खोऱ्यातली तहानलेली शेते 'मानवी भूगोल' या तिसऱ्या वहीत. तिन्ही वह्या एकाच मुलाच्या टेबलावर असतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत.

पावसाचे उदाहरण घ्या. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अथणीत तो पाचसहाशे मिलिमीटर. दोहोंमधले अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. खासीच्या डोंगरातले मौसिनराम आणि त्याच्या पर्जन्यछायेतले शिलाँग ही जोडी प्रत्येक पुस्तकात आहे, आणि ती पाठ करायला माझी हरकत नाही. परंतु खानापूरचे भात, त्याच्या पूर्वेला सौंदत्तीकडची ज्वारी आणि कापूस, वर निपाणीची बिडीची तंबाखू, कृष्णाकाठचा ऊस, अथणीकडचे माळ हे सगळे एकाच जिल्ह्यात एका दिवसात बसने पाहता येते. आणि ते पाहिले की पर्जन्यछाया पुन्हा पाठ करावी लागत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातला सुवासिक बासमती भात खाऊन वाढलेल्या मुलाने मृदा आणि हवामान यांचा पिकांशी असलेला संबंध कळण्यासाठी पंजाबचा तक्ता घोकत बसावे, याला काय म्हणावे! १९८१ साली निपाणीला तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले. नगदी पीक, एकवटलेले व्यापारी आणि विखुरलेला शेतकरी यांचे नाते त्यातून जेवढे कळते, तेवढे 'नगदी पिके' या शीर्षकाखालच्या आठ ओळींतून कळत नाही.

खडकांचेही तसेच. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचे काळे पठार बनले, त्याची दक्षिण कड आपल्याच जिल्ह्यात येऊन संपते. गोकाकला घटप्रभा कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते, तो कडा त्या काळ्या पाषाणाचा नाही, त्याहून फार जुन्या वालुकाश्माचा आहे. पाणी असे एकाच जागी उंचावरून पडते म्हणूनच तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरणी निघाली. चंदगड-राधानगरीच्या बाजूला सपाट डोंगरमाथ्यांवर जांभा आहे. अतोनात पावसाने त्यातला सिलिका धुऊन गेला, ॲल्युमिनियमचा अंश मागे राहिला आणि बॉक्साइट तयार झाले. बेळगावात अल्युमिनाचा कारखाना आला तो या बॉक्साइटच्या जवळिकीमुळे. पण अल्युमिनापासून धातू गाळायला वीज फार लागते, म्हणून त्याचे मोठे कारखाने कोरबा, रेणुकूट, अंगुल असे कोळशाच्या आणि विजेच्या कुशीत. उद्योगाचे स्थान कशाने ठरते या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. उरलेल्या अर्ध्यासाठी नकाशा उघडावा.

येथवर वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, 'सर, हे सगळे ठीक आहे. पण प्रश्नपत्रिकेत कणकुंबी विचारत नाहीत. आम्हाला वर्ष-दीड वर्षात सगळा देश संपवायचा असतो.' त्याचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. खिंडी, सरोवरे, अभयारण्ये, बंदरे यांची नावे पाठ करावीच लागतात. त्याला दुसरा उपाय नाही. ईशान्येकडच्या टेकड्यांचा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे मलाही नकाशा पाहिल्याखेरीज नीट सांगता येत नाही. तथापि पाठांतराला खुंटी लागते. ज्याला आपल्या तालुक्यातला जलविभाजक कळला, त्याला अमरकंटकहून नर्मदा पश्चिमेला, शोण उत्तरेकडे गंगेच्या दिशेने आणि त्याच डोंगरांतून महानदीच्या उपनद्या आग्नेयेला का जातात, हे एकदाच सांगावे लागते. ज्याने आंबोली आणि अथणी पाहिले, त्याला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात कोरडी राहणारी चेन्नई नोव्हेंबरात का भिजते, याचे कुतूहल आपोआप वाटते. आणि कुतूहल वाटले की पान लक्षात राहते.

मानवी भूगोलाबाबत तर आपण जास्तच आंधळे आहोत. स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईला गेलेला गिरणी कामगार किंवा गोव्याला कामाला जाणारा खानापूरचा तरुण येतो. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले, आणि त्यांत सर्वांत मोठे कारण होते विवाह. म्हणजे चंदगडचे माहेर सोडून हिंडलग्याला नांदायला आलेली आपली आई त्या हिशेबात स्थलांतरित आहे. हे वर्गात सांगितले की मुली हसतात, मुले चकित होतात. पण एकदा ऐकल्यावर कोणी विसरत नाही. गोव्याच्या बाजारात बेळगावची भाजी आणि दूध रोज घाट उतरून जाते, आणि चोर्ल्याचा घाट दरड कोसळून बंद पडला की पणजीच्या गृहिणीला त्याचा दाह भाजीच्या दरात कळतो. घाट, रस्ता, बाजार आणि स्वयंपाकघर यांची ही साखळी म्हणजेच मानवी भूगोल होय.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. आपला विद्यार्थी दोन राज्यांची पुस्तके वाचतो आणि दोन्हींमध्ये तो काठावर असतो. महाराष्ट्राच्या भूगोलात कृष्णा महाबळेश्वरला निघते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला भेटते, आणि थोडे पुढे जाऊन पान संपते. कर्नाटकाच्या भूगोलात ती कोठूनशी 'प्रवेश करते'. नकाशात सीमेपलीकडे पांढरा कागद. आंबोलीत उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळणारी हिरण्यकेशी दोन्ही पुस्तकांत अर्धी अर्धी. सीमाप्रश्नाविषयी प्रत्येकाच्या भावना तीव्र आहेत, माझ्याही आहेत. तो या लेखाचा विषय नव्हे. मी एवढेच म्हणतो की राज्याची सीमा १९५६ साली आखली गेली, आणि नदी तिच्या कितीतरी लाख वर्षे आधीपासून वाहते आहे.

हे नुसते पुस्तकी दुःख नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झाले, ते आपण पाहिले. घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसाने सांगली, कोल्हापूर बुडाले. इकडे चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतली कृष्णाकाठची गावे, घटप्रभेकाठचे गोकाक, मलप्रभेकाठचे रामदुर्ग पाण्यात गेले. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रे आलमट्टीच्या फुगवट्याकडे बोट दाखवत होती, तर कन्नड वर्तमानपत्रे कोयनेतून सोडलेल्या पाण्याकडे. एकाच नदीची ही दोन टोके: वर सुमारे १०५ अब्ज घनफूट साठ्याची कोयना, खाली सुमारे १२३ अब्ज घनफुटांची आलमट्टी, आणि मध्ये आपण. त्या रात्री कोणते गाव आधी उठवायचे, जनावरांसह माणसे कोठे न्यायची, वरचे पाणी येथे पोचायला किती तास लागतील, हे ठरवणारे तहसीलदार आणि प्रांत हेच आपल्यासारखी परीक्षा देऊन आलेले होते. त्यांच्यातल्या ज्याने कृष्णा आपल्या राज्यापुरतीच वाचलेली असेल, त्याला नकाशाच्या पांढऱ्या भागातून येणारे पाणी कसे दिसावे? उद्या ती खुर्ची तुमच्यापैकी कोणाची तरी असणार आहे. परीक्षा उत्तीर्ण होणे हा अभ्यासाचा एक उपयोग. असा प्रसंग हा दुसरा, आणि त्याला पर्यायी उत्तरे छापलेली नसतात.

या काठावर राहण्याचा जो एक फायदा आहे, तो मात्र आपण कधी घेत नाही. आपल्या कन्नड मित्राला विचारा: तो करावळी, मलेनाडु, बयलुसीमे हे शब्द सहज वापरतो. आपण कोकण, घाटमाथा, देश म्हणतो. समुद्रकाठ, पावसाचा डोंगराळ पट्टा आणि मोकळे मैदान, ही तीच तिहेरी विभागणी दोन्ही भाषांतल्या शेतकऱ्यांनी आपापल्या तोंडी कधीच करून ठेवली आहे. शाळेत आपण पर्जन्यछाया शिकतो, तो 'मळे नेरळु' शिकतो, आणि महाविद्यालयात आल्यावर दोघेही 'रेन शॅडो' हा तिसराच शब्द नवीन काही म्हणून वहीत उतरवून घेतो. दोघांनी एका बाकावर बसून आपल्या भाषेतले शब्द एकमेकांना सांगितले तर निम्मी परिभाषा समजून जाईल. ग्रंथालयात मी पाहतो, मराठी माध्यमाची मुले एका टेबलाशी आणि कन्नड माध्यमाची दुसऱ्या. दोन्ही टेबलांवर इंग्रजी मार्गदर्शके उघडलेली.

प्राध्यापक मंडळींनाही दोन शब्द. भूगोलाची सहल आता सहलच उरली आहे. दूधसागर पाहून, छायाचित्रे काढून, कॅसलरॉकला चहा पिऊन आपण परत येतो. त्या घाटातून लोहमार्ग का नेला, गोव्याच्या मुरगाव बंदराला पठाराचा माल का हवा होता, हे गाडीच्या खिडकीतून दाखवता येते. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची भूपत्रके आता संगणकावरही मिळतात. एकास पन्नास हजार प्रमाणाची लगतची पत्रके छापून भिंतीवर जोडून लावली, आणि त्यांवरच्या समोच्च रेषांवरून बोट फिरवत कणकुंबीपासून पणजीपर्यंत उतरून दाखवले, तर वर्षभरातली चार व्याख्याने वाचतील. आपल्या विभागातले कपाट उघडले तर जुनी पत्रकेही तेथे गुंडाळून ठेवलेली सापडतील, असा माझा अंदाज आहे. वाळवीच्या आधी आपण पोचलो म्हणजे झाले.

संपादक मंडळाला एक सूचना करून थांबतो. आपल्या अंकात मराठी विभाग संपतो आणि कन्नड विभाग सुरू होतो, त्यांच्यामध्ये दरवर्षी एक पान जाहिरातीला जाते. पुढच्या वर्षी ते नकाशाला द्यावे. दोन्ही विभागांतले दोन-दोन विद्यार्थी निवडावेत आणि त्यांच्याकडून महाबळेश्वरपासून आलमट्टीपर्यंत व पश्चिमेला समुद्रापर्यंतचा एक नकाशा हाताने काढून घ्यावा. नद्या, घाट, पाऊस, पिके एवढेच त्यात असावे, नावे दोन्ही लिपींत असावीत आणि राज्याची सीमा पुसट तुटक रेषेने दाखवावी. रंगीत छपाईचा खर्च परवडणार नाही हे मला ठाऊक आहे. एकाच काळ्या शाईत चालेल.